टेक्निकल इंटरव्ह्यू: खेड्यातून तयारी करणाऱ्या विदर्भातल्या पोरापोरींसाठी सविस्तर मार्गदर्शक

दर्यापूर असो, दारव्हा असो की देवळी, तालुक्याच्या अभ्यासिकेत पोलीस भरती आणि एमपीएससीवाल्यांच्या रांगेत आता लॅपटॉप उघडून बसलेली इंजिनिअर पोरंपोरीही दिसतात. कोपऱ्यातली जागा, चार्जिंगचा पॉइंट, कानात इअरफोन, समोर डीएसएची (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम) प्लेलिस्ट. आठ-आठ तास बसतात, मेहनतीत कुठे कमी नाहीत. फक्त अभ्यासिकेच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिलेलं असतं, आणि टेक्निकल इंटरव्ह्यू ही अख्खी बोलायची परीक्षा आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कामाचा भाग म्हणून फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो आणि गावाकडे आलो की आपल्या भागातल्या मुलांचे मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू घेतो. दोन्हीकडे एकच चित्र वारंवार दिसतं. प्रश्न वाचला, डोक्यात अर्धं उत्तर तयार झालं, आणि तोंड बंद. हा अडलाय की विचार करतोय, समोरच्याला कळायला मार्ग नाही. पाच मिनिटांनी तो आपल्या फॉर्मवर ‘अप्रोच सांगता आला नाही’ असं लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. म्हणून खाली सगळा क्रम सांगतो, पण सगळ्यात जास्त जागा बोलण्याला देणार आहे.

आधी कोणत्या दारातून जायचं ते ठरवा

फ्रेशरला तीन-चार वाटा असतात: स्वतःच्या कॉलेजातला कॅम्पस, चार-पाच कॉलेजं मिळून होणारा पूल कॅम्पस, ऑफ-कॅम्पस अर्ज आणि रेफरल, म्हणजे कंपनीत आधीच असलेल्या ओळखीच्याची शिफारस. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांची (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) पद्धत ठरलेली आहे. अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगची ऑनलाइन टेस्ट, मग एक टेक्निकल राउंड, मग एचआर. टीसीएसची एनक्यूटी ही त्यातलीच एक दारं उघडणारी परीक्षा. यातल्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के मागतात आणि चालू बॅकलॉग (न सुटलेला विषय) असेल तर पुढे जाऊ देत नाहीत. प्रॉडक्ट कंपन्यांत (स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या) टक्क्यांचा जाच कमी असतो, पण कोडिंगचे दोन-तीन राउंड सलग आणि कडक होतात. छोट्या स्टार्टअप अनेकदा घरी करायला एक लहानसं काम देतात आणि मग त्यावरच तासभर प्रश्न विचारतात.

नागपुरात मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, शहरात पर्सिस्टंट आहे. तरीही भरती पुण्या-बंगळुरूच्या नावाने होते आणि पोस्टिंग नंतर ठरतं, त्यामुळे ‘मला नागपूरच पाहिजे’ हे पहिल्या राउंडला बोलू नका. बारावीला ५४ टक्के असतील तर रडत बसू नका. ज्या कंपन्या टक्के विचारत नाहीत त्यांच्याकडे वेळ घाला, आणि कॉलेजचे दोन-तीन वर्षं पुढचे सीनियर कुठे आहेत ते लिंक्डइनवर शोधा. मेसेज चार ओळींचा ठेवा: मी कोण, कोणत्या जागेसाठी, जॉब आयडी, सोबत रेझ्युमे. नुसतं ‘हाय सर’ पाठवून उत्तराची वाट बघणाऱ्यांचे मेसेज तसेच पडून राहतात.

रेझ्युमे एक पानाचा

फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, खालची ‘मी शपथपूर्वक सांगतो’वाली ओळ, हे सगळं काढून टाका. आपल्याकडच्या झेरॉक्स सेंटरवर जो बायोडेटाचा नमुना मिळतो तो सरकारी अर्जासाठी ठीक आहे, इथे त्याचा उपयोग नाही. एक पान, साधा पीडीएफ, दोन कॉलमची नक्षी नको, कारण कंपनीचं सॉफ्टवेअर ती उलटसुलट वाचतं.

सगळ्यात घातक भाग म्हणजे ‘स्किल्स’. तिथला प्रत्येक शब्द म्हणजे समोरच्याला दिलेलं आमंत्रण. ‘डॉकर’ लिहिलं तर तो डॉकर विचारणार. एखाद्या शब्दावर सलग तीन प्रश्न आले तर उत्तर देता येईल का, एवढी चाळणी लावा. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट अशी रांग लावण्यापेक्षा एक भाषा पक्की लिहा. भाषा कोणती हा वाद घालण्यात महिने जातात. कॉलेजात जी जास्त लिहिली तीच घ्या.

ऑनलाइन टेस्ट

अ‍ॅप्टिट्यूडसाठी शेकडेवारी, वेळ-काम, नफा-तोटा, गुणोत्तर हे शाळेतलं गणित वेगाने यावं लागतं. स्कॉलरशिपची परीक्षा दिलेल्यांना ते जड जात नाही.

कोडिंगमध्ये मात्र आधी प्रश्नाखालच्या मर्यादा वाचा, त्यात अर्धं उत्तर असतं. कॉम्प्युटर एका सेकंदात साधारण १० कोटी साध्या क्रिया करतो असं धरून चाला. एन, म्हणजे इनपुटमध्ये किती गोष्टी आहेत तो आकडा, २० पर्यंत असेल तर सगळ्या शक्यता तपासल्या तरी चालतं. दोन-चार हजार असेल तर लूपमध्ये लूप भागतो. एन १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एन लॉग एन किंवा सरळ एकाच फेरीत काम व्हायला हवं. हे न बघता कोड लिहायला घेतलेली मुलं सात टेस्ट केस पास होऊन तीनला ‘टाइम लिमिट’मध्ये अडकतात.

काय शिकायचं याचा क्रम: अ‍ॅरे आणि स्ट्रिंग, हॅशमॅप, सॉर्टिंग, बायनरी सर्च, टू पॉइंटर, स्टॅक-क्यू, लिंक्ड लिस्ट, रिकर्शन. सर्व्हिस कंपन्यांना एवढ्यावर भागतं. प्रॉडक्ट कंपनीसाठी पुढे ट्री, ग्राफ, डायनॅमिक प्रोग्रामिंग. हॅकररँक, लीटकोड, कोडशेफवर फुकट सराव होतो, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची डेटा स्ट्रक्चरची व्याख्यानं फुकट आहेत. हजारो रुपयांच्या कोर्सची या टप्प्यावर गरज नाही, हे माझं स्पष्ट मत.

बोलून सोडवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

एक प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. एका व्यापाऱ्याकडे सलग दिवसांचे कापसाचे भाव आहेत. एका दिवशी माल घ्यायचा, नंतरच्या एखाद्या दिवशी विकायचा. क्विंटलमागे जास्तीत जास्त नफा किती? भाव असे: ७१००, ६९००, ७२५०, ६८००, ७३००, ७०५०.

पहिलं काम, प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगा आणि शंका विचारा. विकायचा दिवस घेतल्यानंतरचाच ना? घेणं-विकणं एकदाच ना? भाव पडतच गेले तर उत्तर शून्य द्यायचं की तोटा दाखवायचा? यादी रिकामी असू शकते का? कॉलेजात प्रश्नावर प्रश्न विचारला की सर चिडायचे, म्हणून आपल्या मुलांना हे उद्धटपणाचं वाटतं. इथे उलटं आहे. प्रश्न मुद्दाम अर्धवट सांगितलेला असतो आणि शंका विचारण्याचे गुण असतात.

दुसरं, जे सुचेल ते सगळ्यात साधं उत्तर तोंडाने सांगा, कोड न लिहिता. “प्रत्येक दिवसासाठी पुढचा प्रत्येक दिवस तपासतो, सगळ्यात मोठा फरक ठेवतो. लूपमध्ये लूप, म्हणजे एन वर्ग. १ लाख दिवस असतील तर साधारण ५०० कोटी जोड्या होतील, तेवढ्याला ५० सेकंद लागतील, म्हणून हे चालणार नाही.” एवढं बोललात तरी समोरच्याच्या फॉर्मवर दोन रकाने भरले.

तिसरं, फालतू काम कुठे होतंय ते शोधा, तेही बोलतच. “कोणत्याही दिवशी विकायला उभं राहिलो तर मला एकच गोष्ट माहीत असायला हवी, त्या दिवसापर्यंतचा सगळ्यात कमी भाव. तो मी चालता चालता सोबत ठेवू शकतो.” संपली गोष्ट, एकाच फेरीत उत्तर.

चौथं, कोडला हात लावायच्या आधी आकडे घालून चालवून दाखवा. ७१०० ला किमान ७१००, नफा ०. ६९०० ला किमान बदललं. ७२५० ला नफा ३५०. ६८०० ला किमान पुन्हा बदललं, नफा ३५० वरच. ७३०० ला नफा ५००. ७०५० ला २५० येतो, म्हणून ५०० कायम. उत्तर ५००.

इथे एक खड्डा आहे. बरीच मुलं ‘सगळ्यात मोठा भाव वजा सगळ्यात छोटा भाव’ असं म्हणून मोकळी होतात, आणि या आकड्यांवर उत्तर ५०० च येतं, म्हणून खूशही होतात. मग इंटरव्ह्यू घेणारा शेवटचा भाव ७०५० ऐवजी ६५०० करतो. आता तो हिशेब ८०० सांगतो, पण ६५०० ला घेतलेला माल विकायला पुढे दिवसच उरला नाही. खरं उत्तर अजूनही ५०० च. उदाहरण आपणच मोडून बघायची सवय लावून घ्या, समोरच्याने मोडायच्या आधी.

मग कोड लिहा, नावं नीट द्या, आणि शेवटी न विचारता दोन गोष्टी बोला: वेळ एनच्या प्रमाणात, जागा स्थिर, आणि रिकामी यादी किंवा एकच दिवस असेल तर उत्तर ०. अशा टोकाच्या केसेस तज्ज्ञांनाही चकवतात. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये मधला इंडेक्स काढताना दोन इंडेक्सची बेरीज इंटच्या मर्यादेबाहेर, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत होती. कोड वर्षानुवर्षं वापरात होता आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी त्या चुकीबद्दल जाहीर लिहिलं. बायनरी सर्च लिहिताना ही ओव्हरफ्लोची गोष्ट आपणहून बोललात तर समोरचा खुर्चीत सरळ होतो.

पुढचा प्रश्न बहुधा असा येतो: आता कितीही वेळा घेता-विकता आलं तर? भाव जिथे जिथे चढला तेवढे चढ जोडायचे. ६९०० ते ७२५० चे ३५० आणि ६८०० ते ७३०० चे ५००, मिळून ८५०. हे आधी पाठ केलेलं असेल तर ‘हा प्रश्न मी सोडवलाय’ असं सरळ सांगा. लपवून नाटक केलं की ते दिसतं.

अडलात तर? गप्प बसू नका आणि बडबडही करू नका. “मला एक मिनिट द्या, मी हॅशमॅपने होतं का ते बघतोय” एवढं म्हणून खरोखर एक मिनिट विचार करा. हिंट मिळाली तर तीच धरून पुढे चला. हिंट मिळाली म्हणजे नापास, असं काही नसतं. हिंट कानाआड करून आपलंच घोडं दामटणारा मात्र नक्की नापास होतो.

याचा सराव अभ्यासिकेत होत नाही. घरात होत नसेल, पाहुणे असतात, टीव्ही असतो, तर संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर जा. फोनचा रेकॉर्डर सुरू करा, एक प्रश्न घ्या आणि वीस-पंचवीस मिनिटं बोलत सोडवा. मग ते ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला कसंतरीच वाटतं, पण कुठे दोन मिनिटं शांतता पडली ते तिथेच सापडतं. आठवड्यातून दोनदा मित्राला कॉल लावून आलटून-पालटून इंटरव्ह्यू घ्या. इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की समोरचा गप्प बसल्यावर किती अवघडतं ते समजतं. मित्र मिळत नसेल तर एआय चॅटला इंटरव्ह्यू घ्यायला सांगा, मराठीतही घेतो. खऱ्या इंटरव्ह्यूत मात्र त्याला बाजूच्या स्क्रीनवर उघडून बसू नका. वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात आणि कॅमेऱ्यात ते स्पष्ट दिसतं.

“पण दादा, इंग्लिशचं काय?”

मॉकला बसलेला प्रत्येक दुसरा पोट्टा हे विचारतो. पहिले दोन आठवडे सगळं मराठीत बोलून सोडवा. विचार मांडायची सवय एकदा लागली की भाषा बदलणं सोपं जातं, कारण अर्धे शब्द तसेही लूप, अ‍ॅरे, इंडेक्स, कंडिशन हेच असतात. मग इंग्रजीची मोजकी वाक्यं घोटून घ्या: ‘कॅन द इनपुट बी एम्प्टी?’, ‘लेट मी स्टार्ट विथ द सिम्पल सोल्यूशन’, ‘कॅन आय टेक अ मिनिट टू थिंक?’, ‘आय अ‍ॅम नॉट शुअर, बट माय गेस इज…’. या चार वाक्यांवर अख्खा राउंड तरून जातो. व्याकरण चुकलं म्हणून टेक्निकल राउंडला कुणी नापास करत नाही. काय म्हणायचंय तेच कळलं नाही तर करतात.

आपल्याकडच्यांना एक फायदा आहे, हिंदी सहज येते. फार अडलं तर ‘कॅन आय एक्सप्लेन धिस पार्ट इन हिंदी?’ असं विचारा, भारतातल्या टीममध्ये बहुतेक जण हो म्हणतात. पण सुरुवातच हिंदीत करू नका.

‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला घरातली माणसं मोजू नका. ‘माय फादर इज अ फार्मर, वुई आर फाइव्ह मेंबर्स’ हे शाळेत शिकवलेलं इथे कुणाला नको असतं. गाव लपवू नका, शेतकरी कुटुंबाची सहानुभूतीही मागू नका. ४५ सेकंदांत काय शिकलो, काय बांधलं, कोणतं काम हवंय. गॅप असेल तर एका वाक्यात: एक वर्ष एमपीएससीची तयारी केली, या महिन्यापासून पूर्णवेळ डेव्हलपमेंट. पुढे काही बोलू नका, तो पुढचा प्रश्न विचारेल.

कोअर विषय

ओएसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिम) प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक, डेडलॉकच्या चार अटी. नेटवर्कमध्ये ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर काय होतं: डीएनएस, टीसीपीचा तीन पायऱ्यांचा हँडशेक, टीएलएस, एचटीटीपी रिक्वेस्ट. ओओपीमध्ये (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग) ओव्हरलोडिंग-ओव्हररायडिंग, इंटरफेस कधी आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास कधी. व्याख्या पाठ असतात सगळ्यांच्या. प्रत्येकीला आपल्या प्रोजेक्टमधलं एक उदाहरण जोडून ठेवा.

भाषेच्या आतले प्रश्न ठरलेले असतात. जावा लिहिलंय तर हॅशमॅप येणारच. सुरुवातीची क्षमता १६, लोड फॅक्टर ०.७५, ‘की’चा हॅश काढून बकेट ठरते, दोन ‘की’ एकाच बकेटमध्ये आल्या तर साखळी बनते. जावा ८ पासून साखळी ८ च्या पुढे गेली आणि टेबल किमान ६४ चं असेल तर साखळीचा रेड-ब्लॅक ट्री होतो. इक्वल्स ओव्हरराइड केलं आणि हॅशकोड केलं नाही तर काय बिघडतं, हा पुढचा प्रश्न. पायथॉनवाल्यांनी फंक्शनच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटला रिकामी लिस्ट दिली की ती प्रत्येक कॉलला तीच का राहते, ते स्वतः चालवून बघा.

एसक्यूएलला मुलं हलक्यात घेतात, आणि सर्व्हिस कंपनीत विकेट तिथेच जाते. समजा जिनिंगची दोन टेबलं आहेत, शेतकरी आणि खरेदी. प्रश्न: एकही क्विंटल न विकलेले शेतकरी दाखवा. सहज सुचतं ते ‘नॉट इन’: ज्यांचा आयडी खरेदीच्या टेबलात नाही ते. आता खरेदीच्या टेबलात एका जरी नोंदीत शेतकऱ्याचा आयडी नल (रिकामा) असेल, समजा मापाडी घाईत टाकायला विसरला, तर ही क्वेरी एकही ओळ देत नाही. कारण नलशी केलेली तुलना खरीही नसते, खोटीही नसते, अज्ञात असते, आणि ‘नॉट इन’ला प्रत्येक तुलना पक्की खोटी ठरायला हवी. म्हणून लेफ्ट जॉइन करून उजवीकडे नल असलेल्या ओळी घ्या किंवा ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा. हे एवढं समजावून सांगणारा फ्रेशर क्वचित भेटतो. बाकी व्हेअर आणि हॅविंगमधला फरक, ग्रुप बाय, आणि दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढताना दोघांचा पगार सारखा असेल तर काय, हे हाताने लिहून सरावा. इंडेक्स टाकल्याने वाचणं जलद होतं पण लिहिणं महागतं, हेही कारणासकट यायला हवं.

प्रोजेक्ट विकत घेतलेला असेल तर

नागपूर-अमरावतीत फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकणारे आहेत, हे इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनाही माहीत आहे. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ आणि ‘फेस रेकग्निशन अटेंडन्स’ ऐकून आमचे कान किटले. घेतला असेल तर निदान आतून उघडून, मोडून, पुन्हा बांधा. त्यापेक्षा आजूबाजूचं काहीतरी करा: कृषी केंद्राची उधारीची वही, नळाच्या पाण्याच्या पाळ्या, बचत गटाचा हिशेब.

बचत गटाचंच घ्या. गटात १२ बाया, दर महिन्याची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज. दिसायला चिमुकलं, पण प्रश्न बघा किती निघतात. पैसे कोणत्या टाइपमध्ये ठेवले? फ्लोटमध्ये ठेवले तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, म्हणून पैसे पूर्णांकात ठेवले असं सांगता आलं पाहिजे. अध्यक्ष आणि सचिव दोघींनी एकाच वेळी तोच हप्ता टाकला तर? कर्ज द्यायचं आणि शिल्लक कमी करायची, यातलं एकच झालं आणि लाइट गेली तर? इथे ट्रान्झॅक्शन येतं (दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही), आणि एसिडची, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या चार हमींची, व्याख्या आपोआप जिवंत होते. गावात रेंज नसताना नोंद कशी होणार? उत्तर ‘अजून केलं नाही, केलं तर असं करीन’ हेही चालतं. कोड गिटहबवर ठेवा आणि त्या गटातल्या एका जरी बाईने ते खरंच वापरलं असेल तर तिला काय अडलं ते आवर्जून सांगा.

घरून इंटरव्ह्यू देताना

एक-दोन दिवस आधी ठरलेल्या वेळेलाच नेट तपासा. सकाळी आठला टॉवर चांगला चालतो आणि रात्री सगळं गाव फोनवर असलं की रडतो. व्हिडिओ कॉलला दीड-दोन एमबीपीएस पुरतात, पण डाउनलोड बघून खूश होऊ नका, अपलोड बघा. दुसऱ्या कंपनीचं सिम दुसऱ्या फोनमध्ये हॉटस्पॉट लावून तयार ठेवा. हॉटस्पॉटच्या फोनवर कॉल आला की बऱ्याच ठिकाणी नेट तुटतं, म्हणून त्या नंबरचे कॉल दुसरीकडे वळवा. लॅपटॉपची बॅटरी तास-दीड तास टिकत नसेल तर इन्व्हर्टर असलेल्या नातेवाइकाकडे जा. घरी वायफाय असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. लाइनमनला विचारून ठेवा, त्या दिवशी फीडरवर काम आहे का. सांगतात.

मग कुलर. मार्च ते जून आपल्याकडे कुलरशिवाय खोलीत बसवत नाही आणि कुलरच्या घरघरीत माइकवर काही ऐकू येत नाही. खोली आधी तासभर थंड करून घ्या, कॉल सुरू झाला की कुलर बंद, आणि वायरवाला इअरफोन तोंडाजवळ. टिनाच्या खोलीत दुपारी दोनची वेळ मिळाली तर सकाळची मागून बघा, एचआर बहुधा देतात. घरच्यांना सांगून ठेवा, आणि शेजारी लग्नाचा डीजे असेल तर ग्रामपंचायतीची किंवा शाळेची एखादी खोली तासाभरासाठी मागा.

कॉल तुटलाच तर घाबरू नका. एचआरचा नंबर आधीच कागदावर लिहून ठेवा, लगेच मेसेज करा, परत जोडलं की एका वाक्यात माफी मागून जिथे होतो तिथून सुरू करा. प्रॉक्टर्ड, म्हणजे कॅमेऱ्यातून नजर ठेवलेल्या टेस्टमध्ये टॅब बदलल्याची नोंद होते, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप वेब वगैरे आधीच बंद करा.

प्रत्यक्ष बोलावणं असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी पुण्यात उतरून थेट हिंजवडी गाठायचा बेत करू नका. एक दिवस आधी जा, मित्राच्या रूमवर झोपा.

नकार आला तर

येणारच, आणि कारण बहुधा सांगत नाहीत. बाहेर पडल्यावर तासाभरात सगळे प्रश्न वहीत उतरवा, न आलेल्यांची उत्तरं दुसऱ्या दिवशी सोडवा. अनेक कंपन्या काही महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत, ती तारीख वहीत टाका.

ऑफर वाचताना

नोकरीसाठी कुणी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून पैसे मागितले की तिथेच थांबा, मग लेटरहेड कितीही चकचकीत असो. मेल कंपनीच्या अधिकृत डोमेनवरून आली आहे का बघा. बॉण्ड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा, रक्कम किती, आणि ट्रेनिंगचा काळ त्यात धरलाय का, हे सही करायच्या आधी लेखी विचारा. मूळ मार्कशीट जमा करून घेणाऱ्या कंपनीपासून लांब राहा.

३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ३० हजार हातात, असं घरी सांगून बसू नका. समजा बेसिक १५ हजार आणि १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) आहे. व्हेरिएबलचे ३०००, कंपनीच्या वाट्याचा पीएफ १८००, ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० हे आधीच त्या ३० हजारांत धरलेले असतात. वरून तुमच्या वाट्याचा पीएफ १८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००. मुलींना २५ हजारांपर्यंतच्या पगाराला तो कर लागत नाही. म्हणजे हातात साडेबावीस हजारांच्या आसपास. त्यातून पुण्यातली कॉट, मेस आणि बस वजा करून मगच घरी किती पाठवता येतील ते बोला.

शेवटचं काम कागदपत्रांचं. जॉइनिंगनंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं आणि आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पॅनवर आपल्या नावाच्या मधे वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. तिन्हींवरचं नाव आणि स्पेलिंग आजच शेजारी ठेवून तपासा. फरक असेल तर दुरुस्तीला आठवडे लागतात, तेव्हा ऑफर येण्याआधीच तो उरकून घ्या.